सलगता

माझं काम एवढंच :
मागच्या शॉटमध्ये घडा कोणत्या हातात होता
ते लिहून ठेवणं.
उजव्या. ओढणी कपाळावर, दोन बोटं केस दिसतात.
अश्रू : डावा गाल, हनुवटीच्या वर थबकलेला.
तिसऱ्या टेकला तो ओघळून गेला,
म्हणून चौथ्याला ग्लिसरीन पुन्हा वर लावलं.

मातेरात, डोंगर पोखरून केलेल्या घरांत,
आम्ही पहिलं शतक उभं करतोय.
डिश अँटेना गोणपाटाखाली.
कपडे चहात बुडवून जुने केले;
बायकांचे जरा जास्त वेळ.

यादीत त्या अशा आहेत :
रडणारी एक. रडणारी दोन.
घडेवाली. दारातली.
पश्चात्ताप झालेली, हिचे केस मोकळे,
पाप केसांतून दिसतं असं
वेशभूषावाल्याला कुणीतरी शिकवलंय.
पुरुषांना नावं आहेत,
दाढ्या आहेत,
वाक्यं आहेत.

इन्कोरोनाता लोपेर्फिदो, वय एक्क्याऐंशी, रडणारी चार.
ती याच गल्लीतली. याच गुहेत,
एका खेचराच्या आणि सात भावंडांच्या उबेत वाढली;
सरकारनं वस्ती उठवली तेव्हा दहा वर्षांची होती.
आता तिला त्याच चुलीपाशी बसवतात
आणि सांगतात,
आजी, जरा नवख्यासारखं बघा.

सकाळी पत्राचा प्रसंग झाला.
एक बाई समुद्र ओलांडून पत्र आणते.
दार ठोठावते,
पुरुषाच्या हाती देते,
चौकटीबाहेर जाते.
तो वाचतो. संगीत.

जेवायच्या सुट्टीत इन्कोरोनातानं विचारलं,
‘एवढ्या लांबून आणलं तिनं,
आणि आत काय लिहिलंय ते ठाऊक नव्हतं होय?’
असेल, मी म्हटलं.
‘मग वाचताना कुणी अडलं तर
विचारायचं कुणाला? खेचराला?’

मी घास चावत राहिले.
थोडंफार मीही चाळलं आहे, रात्री, हॉटेलात :
ते जमायचे ती घरं पुष्कळदा बायकांचीच होती.
दिव्याला तेल, पाहुण्याला अंथरूण,
आणि पाठलाग करणाऱ्यांना दारात दिलेलं
थंड, खोटं उत्तर.
त्यांतल्या एकीच्या नावाला शेकडो वर्षांनी
कुणी विद्वानानं पुरुषी शेवट जोडला.
सलगता राखली म्हणायची :
आधीच्या शॉटमध्ये ती नव्हतीच.

दुपारी पावाचा प्रसंग.
पाव खरा, इथल्याच भट्टीतला, शिंगासारखा वळलेला.
सूचना : स्त्रिया मागे.
पुरुष पाव उचलेल, वर पाहील, मोडेल.
कॅमेरा सुरू झाला
आणि रडणारी चारनं,
सवयीनंच असेल,
हात लांबवून पाव उचलला, छातीशी धरला.
बोटांनी त्यावर खूण शोधली.
पूर्वी सगळ्या गल्लीची एकच भट्टी,
घराघराचा लाकडी शिक्का वेगळा,
तिच्या आईचा कोंबडा.
खूण नव्हती.
तिनं पाव मोडला आणि वाटू लागली.
पोरांना आधी.
कुणी थांबवलं नाही, सगळ्यांनी हात पुढे केले.
तो मात्र उभा, नजर आभाळाकडे,
तळहात उघडे आणि रिकामे.

कट.

दिग्दर्शक चांगला माणूस, ओरडला नाही.
म्हणाला, सुंदर, आजी, पण या दृश्यात तुम्ही रडताय ना?
‘रडून झालं की,’ ती म्हणाली.
‘आता भुका लागल्यात सगळ्यांना.’

नवा पाव आणला. पुन्हा घेतलं.
या वेळी घडा, ओढणी, गाल,
सगळं जुळलं.

मी वहीत लिहिलं : टेक एक, बाद.
कारण, पाव चुकीच्या हातात.
मग ‘चुकीच्या’ खोडलं,
पण पेन्सिल मऊ होती, अजून वाचता येतं.

खाली गाडी थांबली होती.
चहात बुडवलेले कपडे तिनं घडी घालून परत केले,
आणि पिशवीत, रुमालात बांधून,
बाद झालेल्या पावाचं एक शिंग
घरी नेलं.